जांभळ्या गालिच्यावरचा गाऊन

सप्टेंबरातली सकाळ होती. साताऱ्याच्या पश्चिमेला एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, आम्ही चौघं होतो: होणारी नवरी, नवरदेव, रिफ्लेक्टर धरणारा पोरगा आणि मी. नवरीच्या अंगात भाड्याने आणलेला वाइन रंगाचा ट्रेल गाऊन, मागे दोन-अडीच मीटर लोळणारा. मी पालथी पडले होते. लेन्सच्या अगदी तोंडाशी फुलं घेतली होती, म्हणजे फोटोत पुढे जांभळं धुकं येतं आणि त्यातून ती दोघं तरंगत आल्यासारखी दिसतात. फोटो छान आला, दोघं खूश झाली. मी उठले, कोपराचा चिखल पुसला आणि खाली पाहिलं. माझ्या अंगाच्या मापाचा एक सपाट, ओला पट्टा तिथे पडला होता. गाऊन ओढत नेला होता तिथे दुसरा. पांढरी बारीक बटणं मोडून चिखलात रुतली होती. त्यातलं एक उचललं. दोऱ्याएवढा दांडा आणि टोकाला साबुदाण्याएवढी पांढरी गोळी. त्याला गेंद म्हणतात, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. तोवर सोळा वर्षं मी फुलांमध्ये माणसांचे फोटो काढत होते.

त्यानंतर सड्यावरची पोशाखी शूट मी बंद केली. पण एकीने बंद केल्याने काही होत नाही, कारण दुसऱ्या शनिवारी त्याच जागी दुसरा गाऊन असतो. म्हणून हे जाहीरपणे मांडते आहे. फुलांच्या सड्यांवर, पायवाट सोडून आत शिरून, प्री-वेडिंग, फॅशन किंवा जाहिरातीचं शूटिंग करायला परवानगी नसावी. जादा शुल्क भरूनही नसावी. ही मागणी मी निसर्गप्रेमी म्हणून करत नाही, फोटोग्राफर म्हणून करते. अशा फोटोंनी सड्याचं नुकसान होतंच, आणि फोटोग्राफीच्या हातीही काही लागत नाही.

आधी हे नुकसान होतं कसं ते सांगते, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की फोटोने फुलाचं काय बिघडतं. आमच्या धंद्यात सध्या चालणारी फ्रेम दोन गोष्टींवर उभी असते. मागचं सगळं ब्लर आणि पुढचंही सगळं ब्लर, मधे फक्त माणूस स्पष्ट. मागचं धूसर करायला उघड्या अपर्चरची, म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक मोठं ठेवलेली लेन्स पुरते. पुढचं धूसर करायला मात्र काहीतरी लेन्सला जवळजवळ टेकवावं लागतं, आणि सड्यावरची फुलं वीत-दीड वीत उंचीची असल्याने फोटोग्राफरला झोपावंच लागतं. जोडपं ‘फुलांत बसलेलं’ हवं असेल तर त्यांना फुलांवरच बसावं लागतं. पुढच्या गटाला बसायला नवी, न तुडवलेली जागा लागते, कारण तुडवलेली जागा फोटोत कळते. म्हणजे या शैलीला दर वेळी ताजा तुकडा लागतो. फोटोग्राफर कितीही सज्जन असला, चिप्सची पाकिटं गोळा करून परत नेणारा असला, तरी ही फ्रेम काढायची तर त्याला आत जावंच लागतं.

आता त्या तुकड्याखाली काय असतं ते पाहा. कासचं पठार साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागांना २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यातली ही एक. सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ८५० जाती इथे असल्याचं सांगितलं जातं. आणि हे सगळं जांभ्याच्या उघड्या कातळावर. माती म्हणजे कुठे बोटभर, कुठे तीही नाही. तिच्यात नत्र जवळजवळ नसतंच. त्यामुळे इथल्या वनस्पतींनी आपापल्या युक्त्या काढल्या आहेत. ज्या जांभळ्या गालिच्यावर आम्ही गाऊन पसरतो, तो बहुतेक वेळा सीतेच्या आसवांचा असतो, आणि सीतेची आसवं ही कीटकभक्षी वनस्पती आहे. ओल्या मातीत तिला मोहरीहून लहान पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी आला, की एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात ती त्याला आत ओढून घेते. आमच्या कॅमेऱ्याच्या शटरशी स्पर्धा करणारी ही चपळाई. शेजारी दवबिंदू असतो, तो पानावरच्या चिकट थेंबांनी कीटक धरतो. यातल्या कितीतरी वनस्पती एकाच पावसाळ्याच्या सोबती. जूनमध्ये रुजायचं, सप्टेंबरात फुलायचं, ऑक्टोबर सरता सरता बी टाकून संपून जायचं. बी धरण्याआधी झाड चिरडलं, तर त्या हातभर जागेची पुढच्या वर्षीची पुंजी गेली. आणि पायाखाली दाबली गेलेली ती बोटभर माती पुन्हा सैल व्हायला काही नांगर फिरत नाही तिथे.

‘पण कासवर बंधनं आहेत की,’ असं कोणी म्हणेल. आहेत. हंगामात रोज ३,००० माणसांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी, आजूबाजूच्या गावांतले कार्यकर्ते शिट्ट्या वाजवत उभे. त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण कासला कोणी अडवलं की शूट रद्द होत नाही, ते सरकतं. चाळकेवाडीकडे सरकतं, पन्हाळ्याजवळच्या मसाईच्या पठारावर जातं, रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर जातं. तिथे फुलांबरोबर कातळशिल्पंही आहेत आणि बहुतेक ठिकाणी शिट्टी वाजवायला कोणी नाही. म्हणून नियम एका प्रसिद्ध पठारापुरता ठेवून भागणार नाही. तो सड्यांचा, कातळांचा, जिथे-जिथे अशी पातळ माती आणि एका पावसाची फुलं आहेत तिथला सगळीकडचा असायला हवा.

हा प्रश्न एकट्या आपलाच नाही. कॅलिफोर्नियातल्या लेक एल्सिनोर या गावाजवळच्या वॉकर कॅन्यनमध्ये २०१९ च्या मार्चमध्ये नारिंगी पॉपींचा प्रचंड बहर आला. फुलांत लोळून फोटो काढायला इतके लोक आले की गावाचे रस्ते तुंबले आणि प्रशासनाला काही काळ वाट बंद करावी लागली. २०२३ साली पुन्हा बहर आला तेव्हा त्यांनी कॅन्यन सगळ्यांसाठीच बंद ठेवलं. मला तो शेवट नको आहे. वेळेवर पायवाट सांभाळली नाही, तर एक दिवस पायवाटसुद्धा बंद होते, आणि मग शाळेची सहल घेऊन येणारी बाईही फाटकाबाहेर राहते.

आता फोटोग्राफीच्या बाजूने. आमच्या कलेचा जन्मच मुळी वनस्पतींशी बांधलेला आहे. १८४३ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी समुद्रशेवाळांच्या छायाप्रतिमांचं पुस्तक करायला घेतलं. छायाचित्रांनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. कॅमेरा नव्हताच. रसायन लावलेल्या कागदावर शेवाळ ठेवायचं, उन्हात धरायचं, धुवायचं. निळ्या कागदावर पांढरी आकृती उमटते, आणि प्रत्येक आकृतीखाली शेवाळाचं शास्त्रीय नाव. नाव लिहिणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता. त्या निळ्या पानांइतकी देखणी पानं आजही फार थोड्यांना जमतात.

त्यानंतरचा कार्ल ब्लॉसफेल्ट मला सगळ्यात जवळचा. हा बर्लिनच्या कलाशाळेत नक्षीकाम शिकवणारा शिक्षक. विद्यार्थ्यांना लोखंडी जाळ्या, खांबांची टोकं, दागिने यांचे आकार वनस्पतीत दाखवता यावेत म्हणून त्याने स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने शेंडे, कळ्या, देठ, तणे टिपली, काही तीसपट मोठी करून. शोभेची फुलं त्याला नको होती. शेताच्या बांधावरचं, रेल्वेच्या कडेचं, कोणी न विचारणारं रान तो आणायचा. साधी करड्या कागदाची पार्श्वभूमी आणि सारखा उजेड. १९२८ मध्ये या छायाचित्रांचं पुस्तक निघालं तेव्हा तो साठी ओलांडलेला होता. नेच्याचा गुंडाळलेला कोंब त्यात धर्मगुरूच्या दंडासारखा दिसतो, आणि वळण कुठे सुरू होतं, कुठे घट्ट होतं हे बोट ठेवून सांगता येतं. त्या फोटोत झाड मागे नाही. माणूसच फोटोत नाही, आणि तरी माणसाने घडवलेल्या सगळ्या वस्तू आठवतात.

अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनने १९३० साली एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपली. मिरची भाजीबाजारातलीच, पण ती पाठमोऱ्या शरीरासारखी दिसते. फॅशनमधला माणूस हवा असेल तर आयर्विंग पेन. ‘व्होग’साठी जगातले उंची पोशाख टिपणारा हा माणूस १९६७ पासून काही वर्षं त्याच मासिकासाठी दर वर्षी एकेका फुलाच्या मागे लागला. एका वर्षी ट्यूलिप, एका वर्षी पॉपी. त्यात कडेने तपकिरी पडलेल्या, गळायला आलेल्या पाकळ्याही त्याने तितक्याच आदराने घेतल्या. फुलाच्या सुकण्यातली घडी ज्याला दिसली, त्याला कापडाची घडी कशी पडते हे वेगळं शिकवावं लागत नाही. आणि फ्रेंच फॅशन डिझायनर ख्रिस्तियन दिओरने १९४७ साली जो भरघोस घेराचा झगा आणून सगळी पॅरिस हलवली, त्या मालिकेला त्याने दिलेलं नाव होतं ‘कोरोल’, म्हणजे फुलाचा पाकळ्यांचा घेर. त्या झग्यावर एकही फूल छापलेलं नसलं तरी चालणार होतं, कारण फूल त्याच्या कापणीत होतं.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही म्हणा. आजीची दागिन्यांची डबी उघडली तरी पुरे. बोरमाळ: बोराएवढे, बोरासारखेच थोडे लांबट सोन्याचे मणी, आत लाख भरलेली. जवमणी, म्हणजे सातूच्या दाण्यासारखे दोन्ही टोकांना निमुळते. चाफेकळी. कोल्हापुरी साजातलं बेलपान, कमळ, कारलं. कारल्याचा दागिना करावा असं ज्या सोनाराला वाटलं, त्याने वेलावरचं कारलं नक्की हातात घेऊन पाहिलं होतं, त्याच्या अंगावरचे काटे मोजले होते. माझ्या आजीचा बकुळीहार माझ्याकडे आहे. बकुळीचं फूल म्हणजे नखाएवढी दातेरी चकती, मधोमध भोक. झाडाखालून वेचायचं आणि त्या भोकातून दोरा ओवायचा, सुई लागत नाही. हारातलं प्रत्येक सोन्याचं फूल तसंच आहे, दातेरी कडेसकट, आणि तेही एकमेकांत तसंच बसतं, किंचित तिरकं, कारण खऱ्या बकुळीच्या गजऱ्यात फुलं तशीच तिरकी बसतात. हा हार घडवणाऱ्याने फुलाबरोबर त्याचं ओवणंही पाहिलं होतं. पैठणीची असावली, नारळी काठ, अजिंठ्याच्या छतांवरची कमळं, पद्मपाणीच्या हातातलं ते एक निळं कमळ, ही सगळी त्याच पाहण्याची लेकरं. पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानात १८४७ ते १८५० च्या सुमारास एका चित्रकाराने झाडांची चित्रं काढली. ती आज एडिनबरोच्या वनस्पती उद्यानाकडे जपलेली आहेत. पानांच्या शिरा, फळाचा छेद, सगळं त्याने नोंदवलं. त्याचं स्वतःचं नाव मात्र कुणी नोंदवलं नाही, याची मला चुटपुट लागून राहते.

इतकी नावं असलेल्या भाषेत आमच्या शूटच्या यादीत एकच शब्द असतो: ‘ग्रीनरी’. क्लायंट विचारतात, ताई, ग्रीनरी आहे ना तिथे? आम्ही म्हणतो, भरपूर आहे. त्या ग्रीनरीत सोनकी असते, तेरडा असतो, कवला असतो. कवल्याच्या पिवळ्या फुलावर दोन तांबडे ठिपके असल्याने त्याला आता सगळे मिकी माऊस म्हणतात, आणि कवला हे नाव मागे पडत चाललं आहे. वायतुरा असतो. त्याचा तुरा इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दुभंगलेला असतो आणि जगात फक्त आपल्याच या सड्यांवर तो उगवतो. टोपली कारवी असते, उपड्या टोपलीसारखं गोल झुडूप, सात वर्षांतून एकदा फुलणारं. त्या झुडपाचा आकार नुसता डोळ्यांसमोर आणा. घेरदार घागऱ्याचं याहून सुंदर चित्र दिओरलाही सापडलं नसतं. आमच्या फोटोत ती जांभळा धब्बा होऊन येते. काय फुललं होतं, कुठे, कोणत्या महिन्यात, हे फोटोवरून कुणालाच सांगता येत नाही. तोच धब्बा स्टुडिओत रंगीत नेटच्या कापडाने करता येतो. मी करून पाहिला आहे, आणि आईबापांना फरक कळला नाही. मग जे कापडाच्या तुकड्याने होतं, त्यासाठी सड्याचं आयुष्य का खर्ची घालायचं?

या मागणीवर जे आक्षेप येतात त्यातला सगळ्यात खरा पोटाचा आहे. लग्नाचे फोटो काढणारी हजारो पोरं तालुक्या-तालुक्यात आहेत, कॅमेरा हप्त्यावर घेतलेला आहे, आणि शेजारचा सड्यावरचं शूट देतो तर आपण नाही म्हणालो की ऑर्डर जाते. हे मी भोगलं आहे. पहिल्या वर्षी माझ्याही चार ऑर्डरी गेल्या. नेमकं म्हणूनच हे एकेकाच्या सदसद्विवेकावर सोडू नये. नियम सगळ्यांना सारखा असला की नाही म्हणणाऱ्याचा तोटा होत नाही.

शुल्क घ्या आणि परवानगी द्या, असा तोडगाही सुचवला जातो. मला तो सगळ्यात घातक वाटतो. पैसे भरले की माणसाचा पाय अधिक मोकळा पडतो. ‘आम्ही पावती फाडली आहे’ असं म्हटल्यावर शिट्टी वाजवणारा कोणत्या तोंडाने अडवणार? राखणदार तिथे यजमान होऊन बसतो.

आणि एक आक्षेप आमच्याच दुसऱ्या फळीबद्दल आहे, त्यात तथ्य आहे. निसर्गाचे फोटो काढणारे काय कमी करतात? मॅक्रो लेन्स घेऊन आडवे होतात, फुलाच्या आजूबाजूचं गवत ‘डिस्टर्ब करतं’ म्हणून उपटतात, बाटलीने पाणी शिंपडून दव आणतात. माझं म्हणणं आहे, त्यांनाही तोच नियम. पायवाट सोडून आत पाय नाही, मग पोट आणि कोपर तर नाहीच. पायवाटेच्या कडेला फुलं नसतात असं थोडंच आहे? उकिडवं बसून, हात लांब करून, जे हाती लागेल ते टिपायचं. अडचणीतून नवी फ्रेम सुचते, हा अनुभव कॅमेरा धरणाऱ्या प्रत्येकाला आहे. घरच्यांबरोबर येऊन मोबाइलवर फोटो काढणाऱ्याला या सगळ्यात कुठेच अडकाठी नाही. त्याने यावं, पाहावं, फोटो काढावा. मला तर वाटतं गावातल्या वाटाड्याने त्याला किमान पाच फुलांची नावं सांगितल्याशिवाय सोडूच नये.

आणि आमच्या अभ्यासक्रमांत हे यायला हवं. फॅशन शिकवणाऱ्या, फोटोग्राफी शिकवणाऱ्या संस्था आपल्याकडे आता शहरागणिक आहेत. प्रकाश शिकवतात, लेन्स शिकवतात, कापडाचे पोत शिकवतात. पहिल्या सत्रापासून एकच झाड वर्षभर टिपायला लावा. पळस घ्या: पावसाळ्यातली रुंद पानं, पौषातली झडलेली, वेडीवाकडी काळी फांदी, फाल्गुनातला केशरी जाळ, मग चपट्या शेंगा. त्या वर्षाअखेर मुलाला ऋतू, रंग, आकार आणि काळा-पांढरा उजेड सगळं येईल, आणि पळसाच्या फुलांचा रंग कापडावर कसा चढतो हेही तो कुणाला तरी विचारून येईल.

शेतं तर आहेतच. फुलांत उभं राहूनच फोटो हवा असेल तर जिथे फुलं माणसानेच लावली आहेत, जिथे चालायला सऱ्या आहेत, आणि भाडं थेट शेतकऱ्याच्या हातात जातं, तिथे जा. गेल्या वर्षी एका जोडप्याला मी पुरंदर तालुक्यात शेवंतीच्या रानात नेलं. दिवाळीच्या आधीचे दिवस, तोडणी चालू. शेताच्या मालकीणबाई आधी आमच्याकडे संशयानेच पाहत होत्या. ठरलेले पैसे हातात घेऊन त्यांनी कमरेला खोचले आणि म्हणाल्या, “सरीतनं चाला पोरींनो, वरंब्यावर पाय देऊ नका, मुळ्या वरच असत्यात.” नवरीने या वेळी गाऊन आणला नव्हता, आईची हिरवी नारळी काठाची साडी नेसली होती. ती दोघं सरीत उभी राहिली, फुलं मांडीपर्यंत. मी अपर्चर बंद करत नेलं, एफ-अकरापर्यंत, म्हणजे भोक बरंच लहान केलं, आणि मागचं प्रत्येक फूल फोटोत स्पष्ट येऊ दिलं.

मधेच नवरीने एक पान चुरगाळून नाकाशी नेलं आणि थांबली. “मावशी, वास पानालाच आहे की!”

“पानालाच असतो,” बाई हातातली पाटी न ठेवता म्हणाल्या. “ही झिपरी. ती पलीकडची पांढरी, ती राजा. त्या दोघींतला फरक बघायचा तर इकडं या, हितनं दिसत नाही.”

ती दोघं त्यांच्या मागोमाग सरीतून गेली. मी कॅमेरा खाली घेतला आणि मीही गेले.